दोनच अपत्ये

तांब्याला हात लावायची वेळ आली तेव्हा कुसुमबाईंना जागा उरली नव्हती.

दिराच्या, नागेशच्या, दहाव्या दिवसाच्या पुण्यानुमोदनाला झरीच्या घरी सकाळपासून माणूस मावत नव्हतं. अंगणात मांडव, मांडवात टेबल, टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या पायाशी नागेशचा फोटो. तोही मतदार ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला. जन्मभर थोरल्या भावाचे फलक बांधत फिरलेल्या या माणसाने स्वतःचा एक धड फोटो काढून ठेवला नव्हता. भंतेजी म्हणाले, जलदान करायचं आहे, घरच्यांनी पुढे या. जवळच्यांनी तांब्याला हात लावायचा, ज्याचा हात पोचत नाही त्याने हात लावलेल्याला हात लावायचा, म्हणजे सगळं घर त्या पाण्याला जोडलं जातं. तांब्या धम्मशीलाने धरला होता. तिच्या बोटांवर पंचफुलाची बोटं, त्यांवर रंगनाथ साहेबांचा जाड पंजा, मग त्यांची मुलं, बुद्धभूषण आणि मनिषा. कुसुमबाई मागून आल्या आणि त्यांनी धम्मशीलाच्या कोपराला नुसती दोन बोटं टेकवली.

कोपर गरम होतं. पाणी बारीक धारेने ताटातल्या वाटीत पडत राहिलं. वाटी भरली, सांडली, ताटात पाणी पसरलं, तरी कुसुमबाईंनी बोटं काढली नाहीत. पोरीच्या अंगाला हात लावायला त्यांना असं काहीतरी निमित्त लागे, आणि निमित्तं शोधण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली होती.

धम्मशीला त्यांच्या पोटची होती. कागदोपत्री ती नागेश आणि पंचफुलाची मुलगी, आणि कुसुमबाई तिची मोठी आई, रंगनाथ साहेबांची बायको. हे घरातल्या सहा माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक फोटोत जाऊन बसला. राहिलेल्या पाचजणांची अशी पक्की समजूत होती की पोरीला यातलं काहीच माहीत नाही.

आणि हे सगळं झालं कशापायी, तर साहेबांच्या राजकारणापायी.

रंगनाथ हनवते हे एकेकाळी आमदार होते. एकच मुदत, तीही पुरती पाच वर्षं नाही. पंच्याण्णवच्या लाटेत शाळामास्तरचा आमदार झाला आणि नव्व्याण्णवला लाट ओसरल्यावर घरी आला. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं. गावाने त्यांना साहेब म्हणायला सुरुवात केली, भाऊ साहेब म्हणू लागला, आणि एक दिवस कुसुमबाईंच्याही तोंडून साहेब गेलं ते गेलंच. मुंबईच्या सभागृहातून उतरलेला माणूस जिल्हा परिषदेत आला, तिथून पडला तो पंचायत समितीत आला, तिथेही एकदा पडला. दर खेपेला खुर्ची लहान होत गेली. यंदा एकोणसत्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, साहेब पंचायत समितीच्या एका गणातून अपक्ष उभे होते. पक्षाने तिकीट तर सोडाच, चहालाही बोलावलं नव्हतं.

आता कायद्याची गंमत बघा. आमदाराला पोरं किती असावीत याला काही मर्यादा नाही. पण जिल्हा परिषदेपासून खाली ग्रामपंचायतीपर्यंत दोनच्या वर अपत्य असेल तर माणूस बाद. दोन हजार एक सालचा बारा सप्टेंबर ही शेवटची तारीख. त्यानंतर तिसरं जन्मलं की संपलं. त्या साली बुद्धभूषण वीस वर्षांचा होता, मनिषा बारावीला होती, कुसुमबाईंनी चाळिशी गाठली होती, आणि अशा वेळी ध्यानीमनी नसताना त्यांना दिवस गेले. साहेब तेव्हा आमदारकी गमावून जिल्हा परिषदेची तयारी करत होते. पोरगी जन्मली नऊ नोव्हेंबरला. अठ्ठावन्न दिवसांनी चुकली. एका माणसाच्या निवडणुकीसाठी एक लेकरू उशिरा आलं असं म्हणायची पाळी यावी, याच्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही कुसुमबाईंना आजवर सापडलं नव्हतं.

नागेशला मूल नव्हतं. सगळं अगदी सोपं दिसत होतं.

*

जेवणं उरकली. मंडळी जय भीम घालून वाटेला लागली. भंतेजींना रस्त्यापर्यंत पोचवायला धम्मशीला गेली तशी बुद्धभूषणने मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत व्यंकटराव वकील भिंतीला टेकून बसले होते. साहेबांचे जुने दोस्त. दोन हजार दोनचे कागदही त्यांनीच केले होते. त्यांनी पिशवीतून फाईल काढली आणि फाईलमधून तीन कागद.

"उद्या अकराला तहसीलात छाननी," ते म्हणाले. "समोरचा उमेदवार मुंजाजी हरकत घेणार हे नक्की. त्याच्याकडे नर्सबाईंची जुनी वही आहे. गरोदर बायांना धनुर्वाताची सुई दिल्याची नोंद. त्यात नाव आहे, कुसुम रंगनाथ हनवते, सातवा महिना. आपल्याकडे जन्माचा दाखला आहे, त्याला या तीन शपथा जोडल्या की वही नुसती वही राहील. आजवर नागेशराव होते, फिकीर नव्हती."

सगळे कुसुमबाईंकडे बघू लागले. त्या वेळी त्यांना पाच महिने झरीत लपवून ठेवलं होतं. दार बंद, खिडकी बंद. एकदा पंचफुला शेतात गेलेली असताना नर्सबाई दारात आली, नाव काय म्हणाली, आणि कुसुमबाईंनी नाव सांगून टाकलं. स्वतःचंच सांगितलं. पोटातल्या लेकराला सुई टोचून घ्यायची तर आईचं नाव दुसरं कसं सांगायचं, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"एवढी एक चूक," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"चूक म्हणा," कुसुमबाई म्हणाल्या. "ह्या सगळ्या कागदांत तेवढी एकच ओळ खरी हाय."

पंचफुला दाराशी बसली होती. दहा दिवसांत ती अर्धी झाली होती. पदर पुढे ओढून तिने हात लांब केला. "कुठं करायची सही, दाखवा."

कुसुमबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. साहेबांच्या राजकारणाला या घरात कुणी मनापासून शिव्या घातल्या असतील तर त्या पंचफुलाने. नवरा प्रचारात, पेरणी लांबलेली, बैल उपाशी, आणि ही बांधावर उभी राहून साहेबांच्या नावाने बोटं मोडतेय, हे तर दर निवडणुकीचं ठरलेलं. आज तिनेच पहिल्यांदा सही केली. न वाचता केली. सही करताना ती कुसुमबाईंकडे बघत नव्हती. तिला साहेब जिंकायला नको होते. तिला पोरगी जायला नको होती. दहा दिवसांपूर्वी नवरा गेला होता, तिच्याकडे आता दुसरं होतं तरी काय?

"आता वहिनी, तुम्ही," व्यंकटरावांनी कागद पुढे केला.

"मी न्हाई करणार."

बाहेर मांडववाले वासे सोडत होते, त्यांचा आवाज येत होता.

"कुसुम," साहेब म्हणाले. चार माणसांत नावाने हाक मारायची त्यांची पद्धत नव्हती. "आता ह्या टायमाला असं करू नगं."

"मग कोणत्या टायमाला करू? दोन हजार दोनला केली, सातला केली, बाराला केली, सतराला केली. सही करायला तुमीच शिकवलं मला. आमदाराच्या बायकोनं अंगठा मारू नये म्हणले, तीन रात्री पाटीवर गिरवून घेतलं. मला दुसरं अक्षर येत न्हाई. जेवढं येतंय तेवढं सगळं ह्याच कागदासाठी वापरलं तुमी."

साहेबांनी गुडघ्यावरचा पट्टा सैल केला आणि पुन्हा घट्ट केला. सभेत तासभर कागदाशिवाय बोलणारा माणूस, पण घरात शब्द सापडायची मारामार.

"नागेशभाऊजींनी दवाखान्यात माझा हात धरला होता," कुसुमबाई म्हणाल्या. "म्हणले, वहिनी, आता पोरीला सांगून टाका, माझ्याकडून मोकळीक हाय. त्या माणसानं मरताना मोकळीक दिली. आन् तुमी त्याच्या दहाव्याला कागद घेऊन बसलाव."

"आईचं बरोबर हाय," मनिषा म्हणाली. ती परभणीला कचेरीत कारकून होती आणि मुलं ज्यांना दादा म्हणत त्या बापाला तोंडावर बोलायची हिंमत घरात तिच्यातच होती. "दादा, तुमी कशासाठी उभं राहायलाव? गणाचा सदस्य होऊन काय करणार हाव? हातपंप दुरुस्त करणार हाव?"

"हातपंप दुरुस्त करणं हे काम न्हाई का?" साहेब एकदम म्हणाले. "मनू, मी मुंबईला होतो तवा माझ्या सहीनं एक पूल मंजूर झाला. त्या पुलावरून मी एकदाच गेलो. इथं हातपंप चालू झाला की बाया मला दिसतात. तुला हसू येतंय, पण लोक आजबी दारात येतात. आमदार साहेब म्हणतात. ज्या दिवशी कुणी येणार न्हाई त्या दिवशी मी काय करू? सांग की. मास्तरकी सोडून आलो, शेती केली न्हाई, मला दुसरं काय येतंय?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून कुसुमबाईंना जास्तच राग आला. या माणसाची कीव येते आणि राग येतो, दोन्ही एकाच वेळी. असं त्यांचं गेली तीस वर्षं चाललं होतं.

"मग बुद्धाला उभं करा," मनिषा म्हणाली.

"मी शाळंत नोकरीला हाय, मी कसा राहू?" बुद्धभूषण म्हणाला. बापाने उभं राहू नये असं त्याचं सुरुवातीपासून म्हणणं होतं, चार दिवस याच्यावरून घरात बोलचाल बंद होती. आता मात्र तो आईसमोर येऊन उकिडवा बसला. "आई, एक सांगू? दादा पडले काय, निवडून आले काय, मला घेणं न्हाई. पण धम्मीचा इचार केलास का? तलाठ्याच्या यादीत तिचं नाव लागलंय. कागदं तपासायलेत. जातीचा दाखला, शाळेचा दाखला, सगळ्यावर नागेश हनवते. उद्या तू तहसीलात म्हणलीस की ती माझी, तर त्याच तहसीलात तिची नोकरी अडकंल. अभ्यास तिनं केलाय, आपण न्हाई."

सरकारी कागदाला एक खोट लागली की काय होतं हे मनिषाला कचेरीत रोज दिसत होतं. ती आईच्या बाजूने उठून खिडकीपाशी गेली. नुसती उठून गेली, पण कुसुमबाईंना कळलं की आता आपल्या बाजूला कुणी नाही.

"म्हंजे तिच्या भल्यासाठी?" त्या म्हणाल्या. "तवाबी असंच म्हणला होताव. घर एकच हाय, झरी काय दूर हाय का, पोरगी डोळ्यासमोर राहील, तिच्या भल्याचंच हाय. आन् दोन महिन्यांचं लेकरू हिच्या मांडीवर देऊन मला प्रचाराला नेलं. ताडकळसच्या सभेत मला स्टेजवर बसवलं. सत्कार केला, शाल घातली. माझं अंग दुधानं भिजलं होतं. ती शाल होती म्हून झाकलं. तुमी भाषणात माता-भगिनींनो म्हणायलाव, आन् मी शालीखाली पदर पिळायले."

पंचफुला पदरात तोंड घालून रडू लागली. "अक्का, मी इसरले न्हाई," ती म्हणाली. "एक दिस इसरले न्हाई. पण मी तिला वाढवलं वो. गोवर निघाला तवा चौदा राती मी बसले. आता ती गेली तर मी ह्या घरात कुणाला हाक मारू?"

कुसुमबाईंना तिच्यावर रागावता येईना. रागवायला जावं तर तिच्या जागी आपणच बसलेल्या दिसत होत्या.

*

दार उघडलं. धम्मशीला हातात चहाची थाळी घेऊन उभी होती. कपांवर साय धरली होती. ती बराच वेळ दाराबाहेर असणार, हे त्या सायीकडे बघून कुणालाही कळलं असतं.

तिने सगळ्यांना चहा दिला. पहिला वकिलांना, मग साहेबांना, मग बाकीच्यांना. थाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि पंचफुलाला खेटून बसली. तिच्या पदराच्या टोकाने तिचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "वकीलकाका, माझा कागद कोणता?"

व्यंकटरावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब चहात बघत होते.

"वाचा की," धम्मशीला म्हणाली.

"मी, धम्मशीला नागेश हनवते, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, मी नागेश व पंचफुला यांची मुलगी असून..."

"बास. ह्यात खोटं काय हाय?" तिने पेन मागितलं. मांडीवर फाईल घेतली आणि सही केली. तलाठी होणाऱ्या मुलीची सही, स्वच्छ, खाली एक रेघ ओढलेली.

"धम्मे," कुसुमबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य चोवीस वर्षं तयार होतं. भाकऱ्या थापताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर, स्टेजवर, त्यांनी ते हजार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. "धम्मे, तुला ठावं न्हाई..."

"ठावं हाय, मोठी आई."

ती खाली बघून बोलत होती. "माझा दाखल्यावरचा वाढदिवस सव्वीस जानेवारीला. शाळंत झेंडा, घरी शिरा. पण तुमी दरवर्षी नऊ नोव्हेंबरला झरीला यायच्या. कवा कापूस बघायला, कवा ज्वारी न्यायला, कवा उगंच. एके वर्षी तुमचा पाय मोडला होता तरी आल्या, प्लास्टर घेऊन. येताना शेंगदाण्याचे लाडू आणायच्या आन् मी पहिला घास खाईपर्यंत तोंडाकडं बघत बसायच्या. बुद्धाभाऊ, मनूताई, कुणाच्याबी वाढदिवसाला तुमी लाडू केले न्हाईत, मी इचारलं होतं त्यांना. दहावीत होते तवा ध्यानात आलं."

"मग बोलली काऊन न्हाईस?"

"तुमी सांगताल म्हून थांबले. दहावीत थांबले. बारावीला थांबले, म्हणलं आता मोठी झाले, आता सांगतील. नऊ नोव्हेंबरला मी कॉलेज बुडवून घरी थांबायची. तुमी यायच्या, लाडू द्यायच्या, आन् ज्वारी घेऊन जायच्या." तिने पंचफुलाचा हात आपल्या हातात घेतला. "मग एक दिवस बाबा शेतातून आले. पायात बाभळीचा काटा. मी सुईनं काढत होते आन् ते ओरडायलते लेकरासारखे. तवा मनात आलं, आता कुणी सांगितलं तरी मी काय करणार हाय? हा पाय सोडून उठणार हाय का? त्या दिवसापासून थांबणं सोडलं. राग न्हाई, मोठी आई. खरंच राग न्हाई."

राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या लेकीची समजूत काढता येते, तिच्या पाया पडता येतं. कुसुमबाईंनी सगळी तयारी त्या रागाची करून ठेवली होती. ही पोरगी मात्र पाहुण्या बाईशी बोलावं तशी समजूतदार बोलत होती.

"भाऊजींनी मला मोकळीक दिली होती," त्या कशाबशा म्हणाल्या.

"मलाबी सांगितलं बाबांनी. म्हणले, मोठी आई कवातरी येऊन सांगतील, तवा त्यांना न्हाई म्हणू नगंस. मी न्हाई म्हणत न्हाई. पण उद्या तहसीलात नगं. मुंजाजीच्या वहीचा पुरावा म्हून नगं." आता पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "एका निवडणुकीसाठी मी तुमची न्हाई झाले. आता दुसऱ्या निवडणुकीतच तुमची व्हायचं का? माझ्या नोकरीचं म्हणत असाल तर तसंबी न्हाई. नोकरी नसती तरी हीच सही केली असती. बाबा जाऊन दहा दिवस झाले. त्यांचं नाव मी कुठल्याच कागदावरून काढणार न्हाई."

मनिषा खिडकीकडे तोंड करून रडत होती. बुद्धभूषणने कप खाली ठेवला होता, चहा तसाच.

रंगनाथ साहेब भिंतीला धरून उठले. गुडघ्यात कळ आली असणार, पण त्यांनी आवाज केला नाही. ते धम्मशीलासमोर येऊन उभे राहिले. मतदारांसमोर जोडायची सवय असलेले हात त्यांनी जोडावेत की तिच्या डोक्यावर ठेवावेत, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. ते अर्ध्यावरच राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "मी अर्ज मागं घेतो."

हे ऐकायला कुसुमबाईंनी काय दिलं नसतं! दोन हजार दोनच्या जानेवारीत, एसटी स्टँडवर, रिकामी कूस आणि भरलेली छाती घेऊन उभ्या होत्या तेव्हा हे चार शब्द हवे होते. तेव्हा साहेब म्हणाले होते, बस आली, चढ.

"आता न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज इतका शांत निघाला की त्यांनाच नवल वाटलं. "आता मागं घ्यायचं न्हाई साहेब. भाऊजींनी चार बारी सही केली, पंचफुलानं केली, तिनं केली. मग ती कशाला केली म्हणायची? उभं राहा. निवडून या. हातपंप दुरुस्त करा."

"या निवडून, मोठे बाबा," धम्मशीला म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. खरंच घरच्या माणसाला शुभेच्छा द्याव्यात तसं ती म्हणाली, आणि साहेबांचे हात खाली आले. ते पुन्हा भिंतीला धरून बसले. उपरण्याने डोळे पुसले की घाम पुसला, कुणी नीट पाहिलं नाही.

मग ती कुसुमबाईंकडे वळली. पेन अजून तिच्याच हातात होतं. "तुमीबी करा सही, मोठी आई. तुमची राहिली तर माझी खोटी ठरंल."

कुसुमबाईंनी पेन घेतलं. पेन तिच्या हाताने गरम झालं होतं.

आयुष्यात पोरीने त्यांच्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच. फ्रॉक मागितला नाही, वही मागितली नाही, जत्रेला न्या म्हणाली नाही. मागितलं ते हे, की मी तुमची नाही असं लिहून द्या. न देऊन कसं चालेल? मागितलं तर आई देते.

"वाचा," त्या व्यंकटरावांना म्हणाल्या.

"वहिनी, नेहमीचंच आहे. तोच मजकूर."

"वाचा तरी. मला कुणी कधी वाचून दाखवलं न्हाई."

व्यंकटरावांनी चष्मा लावला. दुपार कलली होती, खोलीत उजेड कमी झाला होता. त्यांनी कागद दाराच्या बाजूला धरला. "मी, कुसुमबाई रंगनाथ हनवते, वय चौसष्ट, राहणार परभणी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, मला दोनच अपत्ये आहेत. त्यांची नावे. एक, बुद्धभूषण. दोन, मनिषा."

ते थांबले. पुढे मजकूर नव्हता, सहीची रिकामी जागा होती.

बाहेर मांडव उतरला होता. टेबलावरची जलदानाची वाटी कुणी हलवली नव्हती. ते पाणी अजून झाडाच्या बुडाला घालायचं राहिलं होतं. कुसुमबाई पेन हातात धरून बसल्या होत्या, मान वकिलांकडे किंचित वळवून, वाचणारा मध्येच थांबला की आपण बसतो तशा.

"वहिनी," व्यंकटराव हलकेच म्हणाले, "संपलं. एवढंच आहे."

"एवढंच," त्या म्हणाल्या, आणि तीन रात्री पाटीवर गिरवलेलं आपलं नाव त्यांनी एकेक अक्षर जुळवत खाली लिहिलं.